माहितीदार क्रमांक चार

वाळूजच्या एका कंपनीत मोतीरामनं एकोणीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली. गाडीच्या सुट्या भागांची शेवटची तपासणी त्याच्या टेबलावर व्हायची आणि त्याची सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नसे. पुढं कंपनीनं तो विभागच दुसऱ्या राज्यात हलवला, कायमच्या कामगारांना गळ्यात हार घालून घरी पाठवलं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मोतीराम औरंगपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला जाऊन बसला. बी.ए. त्यानं नोकरी करताकरता बाहेरून केलं होतं. शिक्षण अर्धवट सोडणं त्यांच्या घरात पाप समजत. बापानं शेवटच्या आजारपणातही त्याला विचारलं होतं, पुढं शिकतोस ना म्हणून. तेव्हा सकाळी एका लहान वर्कशॉपमध्ये अर्धी पाळी करायची, दुपारी बजाजनगरहून बस धरायची आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरापोरींमध्ये पहिल्या बाकावर बसायचं, असं त्याचं सुरू झालं.

विभागाच्या मॅडमनी एक रीत घालून दिली होती. कुणाचाही शोधनिबंध त्यांच्या हातात जाण्याआधी वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी तो पूर्ण वाचायचा. मांडणीवर आणि मजकुरावर, दोन्हींवर शेरे लिहायचे, दुरुस्त्या करून घ्यायच्या, त्या झाल्यात का ते पुन्हा पाहायचं आणि मग खाली सही करायची. रीत चांगली होती. पण चांगल्या रीतींचं जे होतं तेच तिचं झालं. पोरं पहिलं पान उलटायची, ‘छान आहे, थोडे विस्तारावे’ असं खरडायची, सही ठोकायची आणि चहाला जायची.

मोतीरामला हे जमेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढून तो समास मोजायचा. संदर्भसूचीत एकाचं आडनाव आधी आणि दुसऱ्याचं नंतर आलं असेल तर लाल पेनानं गोल मारायचा. तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज करून बघायचा आणि ती एकशे दोन आली की लेखकाला बोलावून दाखवायचा. सुरुवातीला पोरं हसली. मग एकाचा निबंध मॅडमनी एकही खूण न करता परत दिला, तेव्हा त्याच पोरांनी वाचनालयात त्याच्यापुढं रांग लावली. काकांची सही असली की चिंता नाही, असं सगळे म्हणू लागले. मोतीराम थोडा फुगला. फुगेना का. घरी बसवलेल्या माणसाला पुन्हा कुणी विचारायला लागलं की काय वाटतं, हे घरी बसल्याशिवाय कळत नाही.

याच वर्गात सोनिया नावाची एक अबोल मुलगी होती. वाळूजच्या पॅकिंग शेडांमध्ये ठेक्यावर काम करणाऱ्या बाया हा तिचा विषय. विषय घेतला खरा, पण ती वाढली शहरात आणि त्या भागात तिच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. तिला तिकडं मोतीरामनंच नेलं. बायकोच्या, विशाखाच्या, ओळखीनं सात-आठ बायांशी गाठ घालून दिली. त्यातली एक सरूबाई. मागच्याच गल्लीत राहायची. नवरा गेल्यावर कन्नडकडून इकडं आलेली, अकरा वर्षं एकाच शेडमध्ये टिकलेली, आणि त्याच कामावर मुलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आणलेली बाई. ती बोलायला तयार होईना. बोललं आणि ठेकेदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी गेट बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही नोकरी गेली की मुलीचं शिक्षणही तिथंच थांबणार होतं.

“सरूबाई, बिनधास्त बोला,” मोतीराम म्हणाला. “तुमचं नाव कुठंबी येणार नाय. हा माझा शब्द हाय.”

त्याच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. दोन दिवस विचार करून सरूबाई सोनियाशी बोलली. काम लवकर उरकावं म्हणून कापायच्या मशीनचं संरक्षक झाकण ठेकेदारानं काढून ठेवलं होतं, त्यात एका पोरीची दोन बोटं गेली, आणि दवाखान्याच्या कागदावर ते घरी मिक्सरमध्ये झालं असं लिहवून घेतलं. शेडमधल्या तीस बायांनी ते पाहिलं होतं. तीसही गप्प होत्या. सांगून झाल्यावर सरूबाई बराच वेळ रडली आणि मग सोनियाला म्हणाली, लई हलकं वाटलं.

जानेवारीत सोनियाचा निबंध तपासायला मोतीरामकडं आला. बेचाळीस पानं. समास ठीक, अंतर ठीक, संदर्भ जवळजवळ ठीक. एकतिसाव्या पानावर माहितीदारांचा तक्ता होता. माहितीदार म्हणजे ज्यांनी माहिती दिली ते लोक. नावं नव्हतीच, नुसते क्रमांक, आणि पुढं वय, गाव, कामाचं स्वरूप, कामाची वर्षं. आठ ओळींतल्या सात भरलेल्या. चौथ्या ओळीत मात्र ‘पन्नाशीच्या आसपास’ एवढंच लिहिलेलं आणि पुढचे तीन रकाने कोरे.

मोतीरामला ते खटकलं. कंपनीत तपासणीच्या कागदावर एक रकाना कोरा राहिला तर अख्खा लॉट परत यायचा. अशाच एका कोऱ्या रकान्यापायी त्याला एकदा मेमो मिळाला होता, आणि तो अपमान तो अजून विसरला नव्हता. त्यानं लाल पेन उचललं. ‘तक्ता अपूर्ण. सर्व रकाने भरावेत.’ मग मजकुरावरचा शेरा: ‘क्र. ४ चे विधान सर्वांत गंभीर आहे. असे म्हणणारी व्यक्ती कोठली, काय काम करते, तिला किती वर्षांचा अनुभव, हे दिल्याशिवाय वाचकाने विश्वास का ठेवावा?’ शेरा बिनचूक होता. कुणाही परीक्षकानं पाठ थोपटली असती.

सोनिया कागद घेऊन आली तेव्हा जरा घुटमळली.

“काका, ती ओळ मी मुद्दाम तशी सोडली होती. त्या बाईंनी...”

“नाव टाक म्हणतोय का मी? नाव नकोच टाकू. बाकीचं भर. रकाना रिकामा म्हणजे काम अर्धवट.”

तिनं कागद परत घेतला. हा माणूस तिथला, या बायांना ओळखणारा, शब्द देणाराही हाच. हा भर म्हणतो म्हणजे भरायला हरकत नसणार, असं तिनं धरलं. आणि काय लिहायचं, काय नाही, ते लिहिणारी बघेल, आपण तपासणारे, असं त्यानं धरलं. दोघांनी एकमेकांवर भरवसा टाकला आणि सरूबाई मधल्यामध्ये उघडी पडली. क्रमांक चार म्हणजे कोण, हा प्रश्न मोतीरामच्या मनाला शिवलासुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या गड्यानं वळसादेखील घातला नाही.

चार दिवसांनी दुरुस्त केलेला निबंध आला. चौथ्या ओळीत आता सगळं होतं. वय ५१. तालुका कन्नड. शेवटच्या टेबलावर खोकी बंद करणे. अकरा वर्षे. मोतीरामनं ती ओळ वाचली, रकान्यातले शब्द इतर ओळींसारखेच मधोमध आलेत ना ते पाहिलं, आणि सही केली.

मॅडमनी तक्त्याचं वर्गात कौतुक केलं. निबंधाला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि मार्चमध्ये कॉलेजच्या वार्षिक अंकात तो सगळाच्या सगळा छापून आला. अंक वाचतो कोण, असं आपण म्हणतो. पण त्या शेडच्या सुपरवायझरची भाची त्याच कॉलेजात बी.ए.ला होती. तिनं आपल्या मामाच्या शेडसारखंच काहीतरी आहे म्हणून दोन पानांचे फोटो कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकले. तिच्या मनातही काही वाईट नव्हतं. या सगळ्या प्रकरणात वाईट मनाचा माणूस शोधायला गेलं तर एकटा ठेकेदार सापडतो, आणि त्याला तीस बायांतून कन्नडकडची, एक्कावन्न वर्षांची, शेवटच्या टेबलावरची बाई शोधायला चार मिनिटंही लागली नसतील.

सोमवारी सकाळी गेटवरच्या मशीननं सरूबाईचा अंगठा घेतला नाही. तिनं बोट पदराला पुसून पुन्हा लावलं. तीनदा पुसलं. मागं रांग खोळंबली. शेवटी वॉचमन खाली बघत म्हणाला की मावशी, तुमचं नाव काढलंय. कारण कुणी सांगितलं नाही. ती शेजारच्या शेडला गेली, मग त्याच्या पलीकडच्या. त्या सगळ्या पट्ट्यात बाया पुरवणारी माणसं तीनच, आणि तिघांच्या फोनमध्ये ते पान पोचलेलं होतं.

संध्याकाळी विशाखा बाहेरून आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलू लागली. सरूबाईला काढलं, पुस्तकात आलं म्हणे तिचं, त्या पोरीनं सगळं छापलं.

“नाव नाय छापलं,” मोतीराम लगेच म्हणाला.

“नाव नाय छापलं. बाकी काय सोडलं?”

त्यानं अंक काढला आणि ते पान उघडलं. चौथी ओळ वाचली. शेवटचं टेबल, अकरा वर्षं. मग त्याला सरूबाई दिसली. चिकटपट्टी दातानं तोडून तोडून समोरचा एक दात झिजलाय, असं तिनं हसत सांगितलं होतं ती सरूबाई. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की विशाखासमोर बसवेना. तो उठून मोरीत गेला आणि उगाच तोंड धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सोनिया कॉलेजात दिसली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती सरूबाईकडं जाऊन आली होती. पाया पडायला वाकली तर सरूबाईनं पाय मागं घेतले आणि दार लावून घेतलं. रकाने भरायला कुणी सांगितलं हे तिथं सांगितलंस का, असं मोतीरामनं विचारलं. विचारताना आपण काय विचारतोय हे त्याचं त्यालाच कळलं.

“नाही काका,” ती म्हणाली. “निबंधावर नाव माझं आहे.”

मॅडमनाही त्यानं गाठलं. त्या म्हणाल्या की तो तक्ता मीही वाचला होता. कामगार खात्याकडं तक्रार करता येईल, मी स्वतः लिहून देते, पण तक्रारदाराचं नाव, वय आणि पत्ता द्यावा लागेल. हे बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गप्प राहणं सोपं होतं. गल्लीत सगळा बोल त्या पोरीवर होता आणि पोरगी तोंड उघडणार नव्हती. चार दिवस मोतीराम सरूबाईची गल्ली टाळून लांबून बस स्टॉपवर गेला. आयुष्यात त्यानं खराब माल कधी दुसऱ्याच्या नावावर ढकलला नव्हता, आणि आता एका बावीस वर्षांच्या पोरीच्या आडोशाला उभा राहून तो तेच करत होता. हे त्याला सहन होईना. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, तो गेला.

सरूबाई दारात बसून कुणाचे तरी गहू निवडत होती. त्याला पाहून तिनं पदर सारखा केला आणि या भाऊ म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळं त्याला जास्तच अवघड झालं. मुलीला होस्टेलवरून बोलावून घेतलंय, असं तिनं आपणहून सांगितलं. परीक्षा राहू दे म्हणलं, इथं एखाद्या दवाखान्यात लागली तर बघू.

“तुमी वाचलं असतं ना भाऊ, तर असं व्हऊ दिलं नसतं,” ती म्हणाली. “त्या लेकराला काय कळतंय.”

मोतीरामनं सांगून टाकलं. “मीच वाचलं सरूबाई. तिनं कोरं ठिवलं व्हतं. मीच भरायला लावलं.”

सुपातले हात थांबले.

“भरल्यावर बी वाचलं?”

“व्हय. वाचून सही केली.”

“अकरा वर्सं, शेवटचं टेबल, समदं वाचलं? ती मी हाय, हे कळलं नाय तुमाला?”

“नाय कळलं.”

तिनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“मंग भाऊ, तुमी वाचलं काय?”

मोतीराम उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. तिनं पुन्हा गहू निवडायला घेतले.