दानियलचा शनिवार

माझा मित्र दानियल नागावकर जाऊन महिना उलटला, तरी माझा त्याच्यावरचा राग काही उतरत नाही. ही काय जायची वेळ होती? शुक्रवारी दिवेलागणीला निरोप आला, मी धावत पोचलो, तर त्याच्या बायकोनं, रिबकावहिनींनी, तेलाचा दिवा लावलेला आणि हा डोळे मिटून पडलेला... म्हणजे त्यांचा शनिवार सुरू झाला होता; तो शुक्रवारी दिवस मावळताच लागतो. शनिवारी या माणसानं कधी कोणाचं काही काम केलं नाही. मरण तेवढं बरोबर त्याच्या तोंडावर आणून ठेवलं.

तो कोकणातला बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणारा यहुदी. सरकारी इंजिनं दुरुस्त करायच्या नोकरीवर बुलढाण्याला आला तो इथलाच झाला. यहुदी म्हणजे काय, हे गावात कोणाला ठाऊक? शनिवारी चूल पेटवत नाही म्हटल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं, हा मारुतीचा शनिवार धरतो. माझी बायको भक्तिभावानं साबुदाण्याची उसळ घेऊन गेली. त्यानं ती चाटूनपुसून खाल्ली आणि वर आदल्या दिवशीचं कोंबडीचं कालवण भाकरीशी हाणलं! बायको घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. "शनिवार धरला अन् कोंबडी खाऊन राह्यला वो!" त्याला विचारलं तर हसत सुटला. "अरे वामन, आमचा शबाथ उपासाचा नाही. शबाथ म्हणजे राणी, ती येते त्या दिवशी घरी. ती असताना उपाशी राहायचं नाही, रडायचं नाही." राणी म्हणे! त्या राणीपायी त्याची बढती गेली. शनिवारी कचेरी अर्धाच दिवस, तीही याला जड. नवा साहेब आला की नवं भांडण.

एकदा ऐन उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. वार शनिवार. वांगी माना टाकून उभी, म्हणून जुनी मोट जुंपली होती. निरोप धाडला तर दानियल चालत आला, विहिरीच्या काठावर बसला आणि गप्पा मारू लागला.

"इंजिन पाह्य नं बे," मी म्हटलं.

"आज हात लावणार नाही."

"मंग आला काऊन?"

"बसायला. सहा दिवस मोडलेलं नीट करतो रे मी. आज सगळं आहे तसं चालवून घ्यायचं." वर म्हणतो, "मोटेचे बैलही सोड. त्यांनाही आज विसावा पाहिजे."

"माहे बैल यहुदी नाहीत!" मी ओरडलो. तो तिथंच बसून राहिला, दिवस मावळेपर्यंत. रविवारी उजाडताच येऊन इंजिन चालू करून दिलं. तोवर निम्मी वांगी गेली होती.

आणि मेल्यावरही तेच. शनिवारची सकाळ, वैशाखातलं ऊन, घरात प्रेत, आणि वहिनी म्हणतात, शबाथमध्ये माती देत नाहीत. कब्रस्तान सांभाळणाऱ्या मुनीरमियाँनी त्याच्या कडेची जागा मोकळी करून दिली होती, माणसं खोळंबली होती. मी चिडलो. "वहिनी, असं कसं चालंल? तो गेला, आता त्याले कायचा शनिवार?"

"भावजी, जन्मभर त्यानं पाळला," वहिनी म्हणाल्या. डोळे कोरडे होते. "शेवटचा मी मोडू?"

माणसं पांगली. त्यांच्यात प्रेताजवळ कोणीतरी बसावं लागतं, म्हणून मी बसलो. शनिवारचा अख्खा दिवस. ओली पोती खिडकीला टांगली, ती वाळली की पुन्हा भिजवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. चरफडत होतो. मग दुपारनंतर कधीतरी चरफडणंही थकलं. तो पडला होता, मी बसलो होतो. वहिनी दाराशी काहीतरी पुटपुटत होत्या. कोणालाच काही नीट करायचं नव्हतं... विहिरीच्या काठावर बसायचो तसेच बसलो आम्ही.

अंधारलं तशा वहिनी म्हणाल्या, "भावजी, बाहेर पाहता का? तीन तारे दिसले की शबाथ संपला. मग त्याला आंघोळ घालू, सकाळी माती देऊ."

मी अंगणात गेलो. आभाळ ताऱ्यांनी गच्च भरलं होतं. शबाथ संपला की दानियल मेलेला असणार होता. तोवर नुसता सुट्टीवर होता.

मी आत आलो आणि म्हणालो, "नाही वहिनी. दोनच दिसून राह्यले."