वाटीत सोडलेली नळी

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. पेशंट नसला की ते इंग्रजी वैद्यकीय मासिकं वाचत आणि त्यातलं पटलेलं लगेच अमलात आणत. कुणी शंका काढली की ठरलेलं उत्तर मिळे, "हे मी म्हणत नाही, छापून आलंय." उगाच सुई टोचणं त्यांनी असंच बंद केलं आणि बरेचसे पेशंट समोरच्या डॉक्टरकडे गेले.

एका उन्हाळ्यात मी रक्तदाब मोजून घ्यायला बसलो होतो. खेड्यावरून एक आजी, सून आणि जुलाबाने मलूल झालेला नातू आला. पोराचे डोळे खोल गेले होते, पण ते पीत होतं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायला सांगितलं.

"सुई नही, बाटली नही, मंग हाऊ दवाखाना कसाना शे?" म्हणत आजी पोराला उचलून निघाली.

"बसा अक्का, बाटली लावतो."

त्यांनी सलाइनची धुतलेली रिकामी बाटली त्याच पाण्याने भरली, स्टँडला टांगली आणि नळीचं टोक वाटीत सोडलं. सून वाटीतून पाजत राहिली. आजी पडणाऱ्या थेंबांकडे बघत निवांत बसली.

दुपारी मी पुन्हा डोकावलो. पोराने लघवी केली होती आणि ते अंगात जीव आल्यासारखं रडत होतं.

मला मात्र ते बाटलीचं नाटक खटकलं होतं. "ही फसवणूकच की. हेही छापून आलंय का?"

"नाही," नळी धूत ते म्हणाले. "हे मी म्हणतो."