पाथर्डीतली ह्युमिडिटी

आमच्या कोकणातल्या संगमेश्वराकडून नगर जिल्ह्यात सहसा कुणी जात नाही. मी गेले ते एका शब्दासाठी.

मी इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत करून देते. मागच्या खेपेची पुस्तिका रेशमाच्या अळ्यांची होती आणि तिच्यात 'ह्युमिडिटी' ओळीआड येत होती. मी इमानेइतबारे प्रत्येक ठिकाणी 'सापेक्ष आर्द्रता' लिहिलं. मजकूर परत आला. शेतकरी ह्युमिडिटीच म्हणतात, तेच ठेवा, असा शेरा. ठेवायला माझी ना नाही, पण ते म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं, हे मला कळेना. आपल्याकडे हवा बारा महिने दमट, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डब्यातले पापड मऊ पडले की चरफडायचं, गादीला वास यायला लागला की उन्हात टाकायची, संपलं. म्हटलं, जाऊन बघावं. पुस्तिकावाल्यांनीच पाथर्डीकडच्या एका रेशीमवाल्याचा नंबर दिला.

दसरा होऊन गेला होता. पुण्याला बस बदलली. पाटीवर 'अहिल्यानगर' होतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' करून माणसं भरत होता. नगरहून पाथर्डीच्या एसटीने करंजीचा घाट ओलांडला तोवर माझे ओठ फुटले होते. रानं मोकळी, बाजरी निघालेली, मधूनच तुरीचे आणि कपाशीचे पट्टे. शेजारच्या आजींनी माझ्या छत्रीकडे टक लावून पाहिलं.

"पाऊस हाय व्हय तुमच्याकडं अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही, सवय आहे," मी म्हटलं.

"असू द्या. उनाला व्हईल," आजी म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

मला न्यायला भाऊसाहेब मोटरसायकल घेऊन आले होते. फोनवर हे नाव ऐकून मी कुणी अधिकारी असेल असं धरून चालले होते. इकडे हे नाव बारशालाच ठेवतात. हे गृहस्थ तिशीतले, दोन एकर तुतीचे मालक, आणि वाटभर एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे, मंदाकडे होतं.

घर पत्र्याचं, मागे अळ्यांची लांबोडकी शेड. ओट्यावर एक पांढऱ्या टोपीचा माणूस चहा पीत बसला होता. तो मुकादम, म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा म्होरक्या. दरसाल हे जोडपं त्याच्या जीपमधून कोपरगावकडे ऊस तोडायला जायचं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' (इथे तोडणारी माणसं अशीच मोजतात). मुलगी आठवीत आहे. आजवर दर हिवाळ्यात तिची शाळा सुटायची आणि ती आईबापाबरोबर उसाच्या फडात जायची.

"पुढल्या मंगळवारी जीप लावतो. व्हय का न्हाई, तवा सांगा," मुकादम म्हणाला आणि बशीत कप पालथा घालून निघून गेला.

"ही अळ्यांची बॅच निघाली तर न्हाई म्हनायचं. बुडाली तर चाललो," मंदाने मला सांगितलं. तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला मात्र आपण भलत्या वेळी टपकलो असं वाटून अवघडायला झालं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि शेंगोळे (हुलग्याच्या, म्हणजे आपल्या कुळथाच्या, पिठाची वेटोळी, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली). कुळथाची पिठी पिऊन वाढलेल्या मला हा प्रकार फारच आवडला. मी तीनदा मागून घेतला. मी नेलेले फणसाचे तळलेले गरे मंदाने ताटलीत काढले आणि काम करता करता खायला शेडच्या दारातल्या फळीवर नेऊन ठेवले.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझा चष्मा धुरकटला. चारी बाजूंनी ओली गोणपाटं लटकत होती, खाली जमीन शिंपलेली. अळ्यांचं खाणं संपत आलं होतं. पुष्कळशा पिवळसर होऊन माना वर करून डोलत होत्या. 'पिकल्या' म्हणतात त्याला. एकदोन दिवसांत त्या कोष विणायला बसणार होत्या. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. ओठ सैलावले, नाक मोकळं झालं. श्रावणात माजघरात बसल्यासारखं वाटलं.

खांबावर ह्युमिडिटीचा काटा होता. त्यावर नखाला लावायच्या लाल रंगाने एक खूण केलेली. काटा खुणेच्या कितीतरी पुढे गेला होता.

"पयल्या बॅचला काटा खाली राह्यला," मंदा म्हणाली. "अळ्या सुकल्या. रेशीम खात्याचे सायेब म्हनले, ह्युमिडिटी कमी पडली. आता बघा. दिसातनं चारदा पानी मारते मी."

"खुणेच्या एवढं पुढे चालतं का?" मी विचारलं.

भाऊसाहेब पहिल्यांदा बोलले. "मॅडम, हिरीला पानी जास्त झालं म्हनून आमच्यात कोन रडलंय का?"

ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे ओल जास्त होऊ शकते, हे कुणाच्या डोक्यात तरी का यावं. अळ्यांमधलं मला काही कळत नाही. पुस्तिकेत 'कोष करतेवेळी सापेक्ष आर्द्रता कमी करावी' अशी एक ओळ मी भाषांतरली होती खरी, पण ती माझी होती, माझ्या शब्दांत, आणि ते शब्द इथे कुणी वाचतच नव्हतं.

संध्याकाळी मी फळीवरचा गरा तोंडात टाकला. तो पार मऊ पडला होता. तेवढ्यात मला आपलं घर आठवलं. असली हवा काय काय करते ते मला ठाऊक आहे. बुरशी कुठे धरते, धान्य कसं कुबट होतं, सगळं.

मी ताटली मंदापुढे धरली. तिने एक गरा मोडून पाहिला. तो मोडला नाही, वाकला.

"मंदा, तू ह्युमिडिटी म्हणतेस, म्हणजे नेमकी कसली हवा?" मी विचारलं. माझं कामही तेच होतं.

तिने थोडा विचार केला. "कोपरगावची," ती म्हणाली. "गोदावरीकाठी फडात पहाटं बसलं ना, का अंगावरचं गोणपाट आतनं वलं लागतं. कोपीत (उसाच्या पाचटाच्या झोपडीत) वरनं टिपकायचं. पोरगी ल्हान हुती तवाची. कपडे वाळायचे न्हाईत."

"मग रात्री कोपीचं दार लावून घ्यायचात?"

"न्हाई वो. उघडंच ठिवायचो, थंडी असली तरी. लावलं का पोरीला दम लागायचा. नुसती घुसमट..."

तिने अळ्यांकडे पाहिलं. मग उठली आणि पहिलं गोणपाट खाली ओढलं.

"अगं, काय करती?" भाऊसाहेब म्हणाले. "वारं शिरंल. पयल्यावानी व्हईल."

"पयल्या वक्ताला बारक्या हुत्या. ह्या घर बांधायला निघाल्यात, आन आपन दार लावून बसलोय."

भाऊसाहेब रागावून तुतीत निघून गेले. मंदाने आणि मी सगळी गोणपाटं उतरवली, जाळीचे पडदे वर गुंडाळले, ओल शोषायला जमिनीवर चुना भुरभुरला. कोरडा वारा आरपार जायला लागला. काटा हळूहळू खुणेशी आला, मग तिच्या खाली. मंदा त्याच्याकडे बघत उभी होती. मी आपण होऊन काहीही ठामपणे सांगितलं नव्हतं, तरी मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. भाऊसाहेबांनी स्टँडवर सोडलं. स्टँडच्या बाहेर भरलेल्या जीपा उभ्या होत्या. टपावर गाठोडी, हंडे, एका जीपच्या मागे बांधलेली शेळी. मी छत्री न उघडता परत आले.

घरी दाराला बुरशीचा वास होता. गादी उन्हात टाकली आणि पुस्तिका काढून बसले. मंगळवार गेला. फोन करायचा धीर होईना. बुधवारी मंदाचाच आला.

"मावशी, भिंतीकडच्या गेल्या. वास मारीत हुत्या, काढून टाकल्या. बाकीच्यांनी कोष केलं."

"चांगले आहेत?"

"मुकादमानं बी हेच इचारलं. जीप दारात, समदे बसल्याले. मला तरी काय म्हाईत? एक कोष काढला न् त्याच्या कानापाशी नेऊन हालवला." मग म्हणाली, "थांबा, तुमाला बी ऐकिवते."

फोनमध्ये खडखड वाजलं. बारीक, कोरडं, एखाद्या खुळखुळ्यात एकच दाणा असावा तसं. कोष नीट झाला की आतली अळी अशी सुटी वाजते, ही ओळ पुस्तिकेत मीच भाषांतरली होती.

"मग काय म्हणाला तो?"

"काई न्हाई. डायवरला म्हनला, चल, ह्यांचा कोयता न्हाई."

फोन ठेवल्यावर मी 'सापेक्ष आर्द्रता' सगळीकडून खोडली आणि ह्युमिडिटी लिहिलं. शेवटच्या पानावर, कोष करायच्या दिवसांपाशी, एक ओळ मूळ इंग्रजीत नसलेली घातली: या दिवसांत कोपीचं दार उघडं ठेवा.