कांबळे बाई आणि माझ्या दहा भाजीवाल्या

खरं बोलणाऱ्या मुलाला शाबासकी न देणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. सरोज कांबळे बाई. आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. एकदा सातवीतली एक मुलगी रडत स्टाफरूममध्ये आली. "बाई, नकाशा माझ्या हातून फाटला." आम्ही बाकीचे लगेच विरघळलो. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बरं. आणि हे मला का सांगितलंस?" पोरगी गोंधळली. घंटा झाली, वर माझा वर्ग धुमाकूळ घालत होता, तरी बाई आपल्या ढिम्म. शेवटी ती पुटपुटली, "मॉनिटर सांगणारच होती." "हं. जा, बस वर्गात," एवढंच बाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, कबूल केलं ना तिने? आणखी किती कीस काढणार?"

"सर, उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही पायऱ्या तपासताच ना?" असं म्हणून त्यांनी डबा उघडला.

खरं का बोलायचं, हाच प्रश्न त्या पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना विचारायच्या. बदली शिक्षक म्हणून कुठल्याही वर्गावर गेल्या की हेच. पहिलीतली पोरं म्हणायची, नाहीतर मार बसतो. जरा मोठी झाली की, तुम्हाला आवडतं म्हणून. आठवीतली शहाणी म्हणायची, नियमच आहे तसा. या उत्तरावर आम्ही माना डोलवायचो, पण बाईंचं समाधान नाही ते नाहीच. "माझे वडील सांगायचे, नियम पाळण्याआधी तो कुणी केला आणि कुणासाठी केला ते विचार. आमच्या आजोबांनी विचारलं नसतं, तर आम्ही अजून वेशीबाहेरच असतो." आमच्या सदाशिव पेठी स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा फार शांतपणे प्यायला गेला.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. "वय आपोआप वाढतं हो सर. उत्तर वाढेलच असं नाही." हे वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या असा मला संशय होता.

माझी मुक्ता दहावीत त्यांच्याच वर्गात होती. प्रकल्पाचे वीस गुण शाळेच्या हातात असायचे. बाईंनी विषय दिला, मंडईतल्या दहा भाजीवाल्यांच्या मुलाखती. आता पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली, पोरीची भूमिती कच्ची, आणि ही मंडईत जाऊन कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये उभी राहणार? मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो आणि दहाच्या दहा भाजीवाल्या स्वतःच लिहून काढल्या. मुक्ताने फक्त सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. बाईंनी अठरा गुण दिले.

दोन दिवसांनी बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या अक्षरशः खुशीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, मुक्ता आपणहून आली. मुलाखती बाबांनी लिहिल्या म्हणाली. तशी मला शंका होतीच. तुमच्या दहाही भाजीवाल्या फार मुद्देसूद बोलतात."

मी ओशाळलो. ओशाळलो की मी चिडतो. "सगळेच पालक करतात हे बाई!"

"हे उत्तर मला चौथी ब मध्ये मिळतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तिला मी विचारलं, का सांगितलंस? तर म्हणाली, सई तीन दिवस खरोखर मंडईत फिरली, तिला चौदा आणि मला अठरा कसे? सर, भीती नाही, बक्षीस नाही. मैत्रिणीवर अन्याय झाला म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत हे उत्तर मला फार थोड्यांनी दिलंय. तिला रविवारी मंडईत घेऊन जा. आणि माझं चुकलं, असं तिच्यासमोर एकदा म्हणा. गुण मी नंतर भरते."

एवढंच मागणं होतं. एक रविवार सकाळ आणि एक वाक्य! मी काय केलं? तडक मुख्याध्यापकांकडे गेलो. "सर, स्टाफच्या मुलीचं हे असं बाहेर गेलं तर शाळेचं काय राहील?" त्यांना शाळेची काळजी, मला माझ्या नाकाची. गुणपत्रकावर अठरा तसेच राहिले. बाईंनी सही करायला साफ नकार दिला, म्हणून मुख्याध्यापकांनी केली. जूनमध्ये बाईंना प्राथमिक विभागात पाठवलं. जाताना त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मुक्ताला काय सांगितलंत?"

मी हजेरीपट उचलून वर्गाकडे चालू लागलो. कारण घरी मी म्हणालो होतो, "मिटलंय सगळं. यापुढे असलं काही कुणाला सांगत बसू नकोस. जगात असं चालत नाही." पोरीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भूमितीचं पुस्तक उघडलं.

आजही मला स्वतःचा संताप येतो. तीस वर्षं फळ्यासमोर पायऱ्या पायऱ्या म्हणून घसा कोरडा केला, आणि माझीच मुलगी एक पायरी वर चढली होती तेव्हा तिचा पाय धरून तिला खाली ओढलं.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. मुक्ता म्हणाली, मीही येते. विश्रांतवाडीला त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली, मग त्यांना पोचवून आम्ही तिच्या स्कूटरवरून परत निघालो. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, खराडीच्या कंपनीचा इंटरव्ह्यू क्लिअर झाला."

"अरे वा! आधी बोलली नाहीस?"

"कन्फर्म नव्हतं. दोन वर्षांचा एक्सपिरियन्स चार दाखवलाय. एक जण लेटर बनवून देतो."

"मुक्ता, अगं हे बरोबर नाही. तुझ्यामुळे खरोखर चार वर्षं केलेल्या कुणाची तरी जागा..."

"बाबा, प्लीज. तू तर बोलूच नकोस."

रागाने म्हणाली असती तर मी तिथेच, भर रस्त्यात भांडलो असतो. ती अगदी सहज म्हणाली, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढे घेतली. मागे बसून मला ओरडून सांगायचं होतं की हे चुकतंय, पोरी, तुझं फार चुकतंय. पण तिला ते सांगण्याचा अधिकार ज्या एका माणसाला होता, त्यांना आम्ही नुकतेच पोचवून आलो होतो.