मत नसलेली शेजारीण

आमची शेजारीण नेपाळची. तिचा नवरा द्राक्षबागेत राखणीला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती ‘हजूर’ म्हणते, अगदी म्हशीलासुद्धा. बोलता बोलता खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्यांकडे अशी बघत राहते, की आपल्यालाही डुलकी लागावी.

गावात दारूचं दुकान ठेवायचं की नाही, यावर बायकांचं मतदान ठरलं. हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. हिचा नवरा पिऊन यायचा आणि हिच्या दंडावर रोज नवा वळ उठायचा. पण ही परदेशी, म्हणून मतदारयादीत नाव नाही.

“असं कसं गं?” मी माझ्या वकील नातीला विचारलं.

“आजी, जगायचा, कायद्यापुढं समान असण्याचा हक्क घटनेनं तिलाही दिलाय. मत मात्र फक्त नागरिकाचं.”

“म्हंजी जगायचं तिनं, अन् ठरवायचं आमी?”

आणि मी तरी कसली ठरवणारी! तरुणपणी नवरा सांगेल तिथं शिक्का मारायचे आणि बोटावरची शाई मेंदीसारखी मिरवायचे.

मतदानादिवशी ती शाळेबाहेर चिंचेखाली बसली, सगळ्यांची तान्ही पोरं घेऊन. पोरापायी कुणी घरी राहायला नको. तिच्या गुणगुणण्यानं पोरं झोपली, कुत्री झोपली, बंदोबस्ताचा पोलीसही पेंगला. “जा, मी आहे हजूर,” ती प्रत्येकीला हळूच म्हणे.

बाटली आडवी झाली. दुकानाला कुलूप लागलं त्या संध्याकाळी तिचा नवरा शुद्धीत घरी आला, आणि ती पहिल्यांदाच त्याच्याशी मोठ्यानं भांडली. मी खिडकी उघडून, पाय पसरून ऐकत बसले.