मामांचं दुखणं

मला अक्षरओळख नाही. मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तिच्यासमोर हे सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते.

थोरला मुलगा गेला तेव्हा देवावरचा माझा विश्वास पार उडाला होता. आधी त्याचे कान गेले. होडीवर शेजारच्याची हाक त्याला ऐकू येईना. मग तोंड सुजलं, लघवी लाल झाली आणि पंचविशीतच तो गेला. तरी आम्ही सासरच्या कुलदैवताला कौल लावला. सासरच्या कुळात असं दुखणं कुणालाच झालं नव्हतं. मग बोट दाखवायला राहिली कोण? सून. पांढऱ्या पायाची म्हणून मी तिला पोरीसकट, म्हणजे हे लिहिणाऱ्या या नातीसकट, दिवेआगरजवळ तिच्या माहेरी पाठवून दिलं. माझे दोन्ही भाऊ असेच बहिरे होऊन, सुजून गेले होते. पण लग्न झालं की माहेरचं कूळ सुटलं, तिथलं दुखणं तिथंच, असं आम्ही धरत आलो. मला भाऊ आठवलेसुद्धा नाहीत.

मग धाकटा हाकेला ओ देईनासा झाला. देवाशिवाय आता जायचं कुठे? त्याला घेऊन हरिहरेश्वर गाठलं. आधी काळभैरव, मग हरेश्वर, मग ओहोटी बघून डोंगरामागच्या खडकांवरून प्रदक्षिणा. लाट उसळली. मी जीव खाऊन ओरडले, पण त्याला ऐकू आलं नाही. पुढे चाललेल्या एका गृहस्थांनी त्याला हाताला धरून ओढलं. ते मुंबईचे डॉक्टर, आगबोटीने दर्शनाला आलेले. मुलाच्या सुजलेल्या पापण्या पाहून त्यांनी आम्हाला आपल्या बिऱ्हाडी नेलं. काचेच्या नळीत त्याची लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली.

"याला मामा आहेत?"

"दोन व्हते. आसंच व्हऊन गेले. पन ते माझ्या म्हायेरचे."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "बाई, मूत्रपिंडात रक्त गाळणारी बारीक चाळण असते. काही घराण्यांत ती जन्मापासूनच कच्ची असते. विलायतेत डॉक्टर अशा घराण्यांचा शोध घेताहेत. बायकांना फारसा त्रास होत नाही, पण आईकडून ते मुलाकडे जातं असं दिसतं. औषध अजून नाही."

"म्हंजे माझ्याकडनं आलं व्हय?"

"तुमच्याकडून आलं. पण त्यात तुमचा दोष नाही."

प्रदक्षिणा झाली की पुन्हा काळभैरवाला जायचा रिवाज आहे. तिथे मी पोराचा जीव मागणार होते. हात जोडले आणि सुनेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. काही मागवेना. नुसती रडले, आणि पोराला देवाच्या पायांवर घालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या माहेरी दारात उभी राहिले. "माझ्या रगतातलं दुखनं हाय ते. तुझ्या पायांचं न्हाय. चल घरी." तिने पोरीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "आये, भावजी नीट जेवतात का?"

धाकटा दोन पावसाळे काढून गेला. शेवटी शेवटी तिने भरवलं तेवढंच तो खाई. देवाने त्याला वाचवलं नाही आणि मी त्यावरून आता देवाशी भांडत नाही. त्या खडकांवर त्याने ते डॉक्टर पाठवले नसते, तर सुनेला शिव्या देतच मी मेले असते.

नात इथे थांबली. "आजे, ह्ये माझ्यात बी आसंल का गं?" मला ठाऊक नाही, बाळा. म्हणून तर लिहून घेते आहे. पुढे तुझ्या घरी असं कुणाला झालं, तर परक्या घरून आलेल्या पोरीकडे बोट दाखवू नकोस. तिने डोळे पुसले आणि हेही लिहिलं.