ओरिसियाचा एकुलता स्फटिक

ओरिसिया ह्नात्युक आमच्या सास्कटूनच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं एकाच प्रथिनामागे हात धुऊन लागली होती. हे प्रथिन सगळ्यांच्याच रक्तात असतं. लांबलचक साखळी, तिची घडी नीट बसली की गुमान ओझी वाहते. पण ओरिसियाच्या घराण्यात ती घडीच बिघडायची, आणि मग प्रथिनाच्या गुठळ्या काळजात साचायच्या. वडील त्यानेच गेले. आता थोरला भाऊ दिमित्रो त्याच वाटेवर होता, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा. "औषध राहू दे गं," तो म्हणायचा, "मला मारणाऱ्याचं तोंड तरी दाखव."

तोंड दिसायचं तर त्या बिघडलेल्या प्रथिनाचा स्फटिक व्हायला हवा, मग तो मोठ्या किरणकेंद्रात नेऊन त्यावर क्ष-किरण टाकायचे. स्फटिक धरावा म्हणून बाईने प्रथिनाच्या द्रावणाचे हजारो थेंब लावले. नुसता गाळ. आणि शुक्रवारी प्रकल्पच बंद होणार होता, त्या दिवशीची किरणकेंद्रातली आमची पाळी शेवटची.

मंगळवारी एका थेंबात स्फटिक दिसला. एकच.

मागच्या वर्षी असाच एक स्फटिक आम्ही थाटात केंद्रात नेला आणि निघालं काय, तर थेंबातलं मीठ. तेव्हापासून तिथले लोक विचारायचे, "काय, आज लोणचं घालायला आलात?" आमचा प्रमुख ग्लेन, त्याला ते फार झोंबलं होतं.

"सुईने दाबून बघ," ग्लेन म्हणाला. मीठ कडकन फुटतं, प्रथिन लोण्यासारखं दबतं; आमच्यातली जुनी परीक्षा. प्रथिन निळा रंग शोषतं, मीठ शोषत नाही; तेही करून झालं होतं, पण काही कळलं नव्हतं.

"अरे, एकुलता एक आहे."

"आणि मीठ निघालं तर? पुन्हा हसं करून घ्यायचं?"

"होऊ दे की हसं. तसाच नेऊ या ना."

"मला चालणार नाही, ओरिसिया."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, याची मला आजही शरम वाटते.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि सुई टेकवली. आवाज आला नाही. स्फटिक मऊपणे पसरला.

"खरा होता," ती म्हणाली. ग्लेन भिंतीकडे बघत राहिला. माझ्या तोंडात शिवी आली, ती मी दिलीही.

उरल्यासुरल्या प्रथिनाचे सात थेंब लावले. मांजरीच्या मिशीचा केस त्या दबलेल्या स्फटिकात बुडवून एकेका थेंबातून ओढला; बियाणं पेरावं तसं हे आम्ही करतो, कधीकधी उगवतंही. तीन दिवस ती तिथून हलली नाही, घरून आलेल्या डब्यातल्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्याही तशाच परत जायच्या. शुक्रवारी सकाळी सातही थेंब पाण्यासारखे स्वच्छ होते, एकातही काही उगवलं नव्हतं. आमची पाळी दुसऱ्यांना दिली गेली.

तिने माझ्यासमोरच दिमित्रोला फोन लावला.

"दिसलं का गं?" त्याने विचारलं.

"हाताशी आलं होतं रे," ती म्हणाली. "मीच चिरडलं."